दवाखान्याची तार

धामणवाडीत कुणाच्याही घरी गेला तरी निवृत्ती सोनकांबळे आधी माणसांकडं बघायचा नाही, बल्बाकडं बघायचा. बघायचा आणि व्होल्टेजचा आकडा सांगून टाकायचा. "एकशे साठ." नाहीतर, "आज बरी हाय लाईट, एकशे नव्वद." एकदा लाईन खात्याचा साहेब मीटर घेऊन आला. त्यानं तारेला मीटर लावलं, निवृत्तीनं नुसती मान वर केली, आणि दोघांच्या आकड्यांत पाचाचा फरक पडला. साहेबाचं मीटर बिघडलंय, असं गावानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

ही विद्या काही त्याला शाळेनं दिली नव्हती. बाप सटवाजी गावकीचा माणूस. सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची आणि भाकरीसाठी दारोदार उभं राहायचं, हे त्याचं काम. छप्पन साली सटवाजीनं दीक्षा घेतली, गावकी टाकली आणि दहा वर्षांच्या पोराला सांगितलं, "आता भाकरीसाठी कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई. काम आसंल तर बोलावतील." बोलावलं मात्र कुणी नाही.

बहात्तरच्या दुष्काळात निवृत्ती खडी फोडत होता. मुकादमाचा रेडिओ एक दिवस अचानक मुका झाला. जेवणाच्या सुटीत निवृत्तीनं तो उघडला, आत सुटलेली एक तार बाभळीच्या काट्यानं दाबून बसवली, आणि रेडिओ बोलायला लागला. मुकादम खूश. त्याच्याच ओळखीनं निवृत्ती नांदेडला वजिराबादेतल्या एका उस्तादाच्या दुकानात चिकटला. उस्ताद सहा वर्षांत फार बोलला नाही, पण रोज एक वाक्य ठरलेलं: "एक हात जेब में रख, बेटा. दोनों हाथ से काम किया तो घरवाली रोएगी." निवृत्ती ते शिकला. बायको धुरपताबाई आणि लेक यशोधरा यांना घेऊन तो गावी परतला आणि एसटी थांब्यासमोर पत्र्याच्या टपरीत त्यानं रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं.

ब्याऐंशी साली लातूर उस्मानाबादपासून तुटून वेगळा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी नवरी. पहिली दोन-चार वर्षं कौतुकच कौतुक. त्या कौतुकात धामणवाडीच्या पदरात एक दवाखाना पडला आणि गावावरून नव्या तारा गेल्या. पाठोपाठ टीव्ही आला. दवाखाना आला तेव्हा गावातली निम्मी माणसं बघायला गेली होती. टीव्ही आला तेव्हा म्हातारेकोतारेही घरी राहिले नाहीत.

पहिला टीव्ही अनंतराव गुरुजींकडं आला. गुरुजी शाळेचे निवृत्त हेडमास्तर, गावात शब्दाला वजन. त्यांच्या ओट्याखाली लिंबापाशी सटवाजी भाकरीसाठी उभा राहायचा. आता त्याच घराच्या माजघरात, देवाच्या कोनाड्याशेजारी, सटवाजीचा पोरगा टीव्हीमागं मांडी घालून बसायला लागला. बोलावल्याशिवाय तो कधी गेला नाही, आणि बोलावणं तर रोजचं. लाईट कमी असली की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं, पडद्यावर मुंग्या धावायच्या, आणि कुणीतरी टपरीकडं पळत यायचं.

त्यानं आधी बूस्टर करून दिले. तांब्याची तार गुंडाळलेला लोखंडी डबा. कमी लाईट ओढून घ्यायचा आणि टीव्हीला जास्त करून द्यायचा. एका घरी चाललं म्हणून दुसऱ्यानं घेतला, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. पण जितके बूस्टर वाढले तितकी लाईन आणखी दबली. पाणी एकच आणि ओढणारे पंप वाढले की शेवटच्या विहिरीचं जे होतं, तेच तारेचं झालं.

मग निवृत्तीनं ती गोष्ट केली.

गावाच्या डीपीवरून तीन तारा निघत. दोन तारांवर सगळं गाव, पिठाची गिरणी, बोअरच्या मोटारी. तिसरी तार दवाखान्याची. डॉक्टर चंद्रप्रभा कंधारकर म्हणून नांदेडच्या बाई दवाखान्यात आल्या होत्या. त्यांनी लातूरला पत्रावर पत्रं लिहून ती तार मोकळी ठेवून घेतली होती. मोकळ्या तारेवर लाईट कशी असते? दोनशे दहा. खणखणीत. आपल्याकडं तर रीतच आहे, ज्या तारेवर लाईट चांगली त्या तारेवर सगळ्यांनी उड्या मारायच्या. एके दिवशी निवृत्तीनं गुरुजींच्या घराची जोडणी काढली आणि दवाखान्याच्या तारेवर टाकली. लाईनमन ग्यानोबा खाली उभा राहून आभाळातले ढग बघत होता. त्या वर्षी आभाळात ढग नव्हते.

गुरुजींचा टीव्ही आरशासारखा झाला. आणि त्या दिवशी एक गोष्ट घडली. तोवर निवृत्तीचा चहा गोठ्याच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपातून यायचा आणि तो कप त्यानंच विसळून जागेवर ठेवायचा. त्या दिवशी गुरुजींच्या पत्नी इंदूबाई यांनी कपाटातला निळ्या फुलांचा कप काढला, त्यात चहा दिला, आणि रिकामा कप स्वतः उचलून आत नेला. गुरुजीही 'निवऱ्या' सोडून 'निवृत्ती' म्हणाले. बेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, त्या कपाकडं बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज वाटते, पण पुढचं सगळं त्या कपामुळं झालं.

एका घराची जोडणी बदलली म्हटल्यावर दुसरा कसा गप्प बसेल? दिवाळीपर्यंत एकोणीस घरं दवाखान्याच्या तारेवर आली. एकोणीस टीव्ही, एकोणीस बूस्टर. एरवी हे सगळे एकदम कधी चालत नसत. पण रविवारी सकाळी साडेनऊला देवादिकांची मालिका लागायची, तेव्हा चालत. तेव्हा घरोघर न्हाणंधुणं उरकून, टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून माणसं हात जोडून बसायची. प्यायला पाणी नव्हतं, पण टीव्हीपुढच्या तांब्यात पाणी असायचंच.

सत्त्याऐंशीचा पावसाळा तसाच कोरडा गेला होता. विहिरींचे तळ दिसत होते. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. दवाखान्यात नव्या जिल्ह्याच्या कृपेनं एक काचेची पेटी आली होती. अपुऱ्या दिवसांच्या पोराला आत ठेवायचं, पेटी त्याला ऊब देते. आईच्या पोटातली राहिलेली ऊब. पण एकशे सत्तरच्या खाली लाईट गेली की पेटी टक्क करून बंद पडायची, आणि लाईट आली तरी कुणी बटण दाबल्याशिवाय चालू व्हायची नाही. बहुतेक दिवस ती चादरीखाली झाकलेलीच असे.

डिसेंबरात दुष्काळी कामावरची भामाबाई नाल्याची माती वाहता वाहता अडली. आधीची दोन गेलेली, हे तिसरं. आठवा महिना पुरा नव्हता. मुलगा झाला, ओंजळीत मावेल एवढा. डॉक्टरबाईंनी त्याला पेटीत ठेवलं. तीन दिवस पोर चांगलं होतं. बोटं हलवायचं, कापसाच्या बोळ्यानं दूध घ्यायचं. चौथा दिवस रविवार. साडेनऊच्या सुमाराला टँकर आला. दवाखान्याच्या टाकीत तीन दिवसांनी पाणी पडणार, म्हणून होती नव्हती ती सगळी माणसं घागरी-बादल्या घेऊन धावली. भामाबाई बाजेवर पडलेली, तिला पेटीतलं काय कळणार? डॉक्टरबाई दुसऱ्या बाळंतिणीत अडकल्या होत्या. तासाभरानं येऊन बघतात तर पेटी बंद, काच गार, आणि पोर निळं. दुपारी ते गेलं.

डॉक्टरबाईंनी निवृत्तीला बोलावून घेतलं. त्यांचे डोळे सुजले होते.

"निवृत्तीराव, मला एवढंच सांगा, पेटी बिघडली आहे का? बिघडली असेल तर मी आजच लातूरला लिहिते."

निवृत्तीनं पेटी उघडली, तपासली. सगळं जागच्या जागी होतं. मग त्यानं सवयीनं वर बघितलं. बल्ब पांढराधोप, दोनशे दहा. त्यानं मनात हिशेब केला. साडेनऊ. रविवार. एकोणीस.

"पेटीत काही बिघाड न्हाई, बाई," तो म्हणाला.

खोटं एक अक्षर तो बोलला नाही. पेटीत बिघाड नव्हताच. बिघाड खांबावर होता आणि तो त्यानं आपल्या हातानं केला होता. बोललो तर एकोणीस घरं तोंडावर दार लावतील, ग्यानोबाची नोकरी जाईल, दुकान जाईल, आणि तो निळ्या फुलांचा कप कपाटात जाईल. पोर तर गेलंच आहे, बोलून का परत येणार आहे? रोज थोडंथोडं करून तारा काढून टाकू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. महिना गेला, एकही तार निघाली नाही. पेटी पुन्हा चादरीखाली गेली होती, मग घाई कसली?

भामाबाई पुढच्या रविवारी गुरुजींच्या अंगणात येऊन बसली. कामावरच्या चार-पाच बायका नेहमीच तिथं बसत. उघड्या दारातून टीव्ही दिसायचा. दुःखी बाईनं दुसरं कुठं जाऊन बसावं? निवृत्ती अँटेना फिरवायला आला होता. तिला बघितलं तसा तो मागच्या दारानं निघून गेला. मग हे रविवारी ठरूनच गेलं, ती अंगणात आणि तो मागच्या दारानं.

जानेवारीत, एका गुरुवारी, निवृत्तीची यशोधरा कळा देत बैलगाडीतून माहेरी आली. सातवा सरून दहा-बारा दिवस झालेले. जावई दुष्काळापायी पुण्याला बांधकामावर. संध्याकाळच्या आत ती दवाखान्यात मोकळी झाली. मुलगी. भामाबाईच्या पोरापेक्षाही लहान.

डॉक्टरबाईंनी पेटीवरची चादर काढली.

"लातूरला न्हेऊ का, बाई?" निवृत्तीनं विचारलं.

"कशानं नेणार? दवाखान्याची जीप टँकरच्या खेपा तपासायला लावलीय. आणि एवढ्या थंडीत चार तासांचा रस्ता या जिवाला झेपायचा नाही. पेटीच हिचं औषध आहे. तीन आठवडे. पेटी चालली तर पोरगी जगेल."

पेटी चालली तर. निवृत्तीच्या कानात तेवढंच राहिलं. काचेतून त्यानं नात बघितली. छाती पाखरासारखी उडत होती. यशोधरा पडल्यापडल्या म्हणाली, "दादा, तुमी हाव म्हणून मला भ्याव न्हाई. मशीनचं तुम्हाला समदं कळतं."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. निवृत्तीला महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. जळत मात्र दुसऱ्याचं होतं.

शुक्रवारी सकाळीच तो ग्यानोबाकडं गेला. ग्यानोबा अंगणात दात घासत होता.

"ग्यानबा, दवाखान्याच्या तारेवरली घरं काढ. आजच काढ."

"आन् रविवारी? लोकं मला खांबालाच बांधतील की." ग्यानोबानं चूळ थुंकली, तीही जपून, अर्ध्या घोटाची. "तूच टाकल्यास ना? तूच काढ. म्या काही बघितलं न्हाई, आताबी बघत न्हाई."

शनिवारी दुपारी निवृत्ती एकटा शिडी घेऊन निघाला. एक हात खिशात ठेवून खांबावरचं काम होत नाही, उस्तादाचं वाक्य दुकानापुरतंच खरं होतं. चार खांबांवर चढून त्यानं एकोणीस जोडण्या जुन्या तारांवर टाकल्या. हाताची कातडी सोलली, दोनदा झटका बसला. खाली उतरला तेव्हा त्याला वाटलं, संपलं. त्यानं दवाखान्यात जाऊन बल्ब बघितला आणि पहिल्यांदा दोन घास खाल्ले.

चारच्या सुमाराला धुरपताबाई धावत आली. "आवो, बगा तिकडं, पोरं बांबू घेऊन फिरून राहिलीत."

लांब बांबूच्या टोकाला तारेचा आकडा, आकड्याला घरातली वायर, आणि बांबू वर करून आकडा दवाखान्याच्या तारेवर अडकवायचा की झालं काम. निवृत्तीची विद्या गावानं त्याच्याकडंच बघून बघून उचलली होती. कोणती तार खणखणीत, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यानं काढायला दुपार घालवली, त्यांनी अर्ध्या तासात लावून टाकलं. शिवाय दोन नवी घरं आली. एकवीस.

तो दारोदार गेला. ज्या दारात बापानं उभं राहू नको म्हणून सांगितलं होतं, त्या प्रत्येक दारात हात जोडून उभा राहिला. "उद्याच्याला एक दिवस टीव्ही लावू नका. नात पेटीत हाय." कुणी वाईट बोललं नाही. सगळे हळहळले. एक म्हातारी तर म्हणाली, "आमी पोरीसाठी टीव्हीपुढं नारळ फोडू रं बाबा." पण टीव्ही कशाला बंद करायचा? आमच्या टीव्हीचा आणि दवाखान्याच्या पेटीचा संबंध काय? संबंध सांगायचा तर भामाबाईचं पोर सांगायला लागलं असतं. तिथवर आला की निवृत्ती जोडलेले हात खाली घ्यायचा. तो पुढच्या दारात जायचा.

डॉक्टरबाईंना त्यानं अर्धंच सांगितलं, की उद्या लाईट पडेल. त्यांनी बाटल्या, कापूस, गरम पाण्याचं पातेलं तयार ठेवलं. पातेल्यात पाणी होतं दोन तांबे.

रविवार उजाडला. धुकं नव्हतं, पण वारा सुरीसारखा. नवापासून निवृत्ती पेटीपाशी उभा, मान वर. दोनशे. एकशे पंच्याण्णव. गल्लीतून एकेका घराचा आवाज यायला लागला, मग सगळ्या घरांतून एकच सूर, तोच शंख. बल्ब पिवळा झाला, मग तांबडा. एकशे ऐंशी. एकशे बहात्तर.

टक्क.

डॉक्टरबाईंनी बटण दाबलं. पेटी क्षणभर घरघरली आणि पुन्हा टक्क. तिसऱ्यांदा दाबलं, तेच. त्यांनी पोरगी काढून यशोधराच्या उघड्या छातीवर ठेवली, वरून कापूस, वरून गोधडी, बाजूला बाटल्या. पण यशोधराला थंडीताप भरला होता, ती स्वतःच कुडकुडत होती.

"किती वक्त हाय, बाई?" निवृत्तीनं विचारलं.

"अर्धा तास. फार तर पाऊण. ओठ बघा तिचे."

ओठ बघितले आणि निवृत्ती धावत सुटला. अनवाणी.

गुरुजींच्या अंगणात चाळीस-पन्नास माणसं बसली होती. तो त्यांच्यातून वाट काढत थेट दारात गेला. आत टीव्हीला झेंडूचा हार, गुरुजी आरामखुर्चीत, इंदूबाई हात जोडून. पडद्यावर लढाईला तोंड लागलं होतं.

"गुरुजी, टीव्ही बंद करा. समद्यांना सांगा. पेटी बंद पडली. पोरगी निळी पडून राहिली."

"अरे निवृत्ती, बैस जरा. हा भाग संपू दे. वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"वीस मिनिटं न्हाईत!"

आवाज इतका मोठा झाला की अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. त्या मानांत मागच्या रांगेतली भामाबाई होती. निवृत्तीनं तिला बघितलं. या वेळी मागचं दार धरायला वेळ नव्हता. पळून गेलं तर नात जाणार होती, आणि बोललं तर आपण जाणार होतो. माणूस म्हणून या गावात जे काही कमावलं होतं ते सगळं.

"मागच्या महिन्यात भामाबाईचं लेकरू त्याच पेटीत व्हतं," तो म्हणाला. "तवाबी रविवारच. तवाबी हेच लागलं व्हतं. तुमच्या घरची तार म्या दवाखान्याच्या तारेवर टाकली, गुरुजी. तुमची टाकली, मग समद्यांची टाकली. त्यानं लाईट पडली आन् पेटी बंद झाली. डॉक्टरीणबाईनं मला इचारलं. मला मालूम व्हतं. म्या बोललो न्हाई."

घरात फक्त टीव्ही बोलत होता.

इंदूबाईंचे जोडलेले हात तसेच होते. आणि अंगणातून भामाबाई उठली.

ती घाईनं आली नाही. माणसांनी आपसूक पाय आवरले. कामावरच्या मातीनं भरलेले तिचे पाय त्या उंबऱ्यावरून आत कधी आले नव्हते. ती ओटा चढली, निवृत्तीच्या अंगावरून गेली, सारवलेल्या माजघरातून, देवाच्या कोनाड्यापुढून चालत भिंतीपाशी गेली. तिला टीव्हीचं बटण कुठलं ते माहीत नव्हतं. तिनं वायर धरली आणि ओढली. पिन बोर्डातून निघून जमिनीवर पडली. पडद्यावर एक पांढरा ठिपका राहिला आणि तोही गेला.

मग ती वळली आणि शेजारच्या घरात शिरली. तिच्यामागं कामावरच्या बायका उठल्या. तिसऱ्या घरात कुणीतरी ओरडलं, चौथ्यात दार लावून घ्यायला गेले, पण भामाबाईचं तोंड बघून दार लावायची कुणाची हिंमत झाली नाही. गुरुजी उठले, टोपी घातली आणि समोरच्या ओळीतल्या घरांकडं निघाले, काठी टेकत, "बंद करा, बंद करा," म्हणत. एकेका घराचा आवाज विझत गेला.

निवृत्ती दवाखान्यात पोचला तेव्हा बल्ब पिवळा होता. तो बघत उभा राहिला. एकशे सत्तर. एकशे ऐंशी. डॉक्टरबाईंनी बटण दाबलं, पेटी घरघरली, आणि घरघरतच राहिली. पोरगी आत गेली. दहा मिनिटं गेली. मग तिनं एक पाय झाडला आणि बारीकसा सूर काढला. धुरपताबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि ढसाढसा रडली. निवृत्तीला रडू आलं नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

त्यानंतर तीन रविवार भामाबाई साडेनऊच्या आधी गल्लीत फिरली. काही बोलायची नाही, नुसती दारासमोरून जायची. सगळं गाव पंचायतीच्या एका टीव्हीपुढं बसून मालिका बघायला लागलं. एक टीव्ही तारेला जड नव्हता. निवृत्तीनं एकवीस आकडे उतरवले, कुणी परत चढवले नाहीत. ग्यानोबाची बदली झाली. निवृत्तीच्या टपरीकडं महिनाभर कुणी फिरकलं नाही, आणि गुरुजींच्या घरून बोलावणं पुन्हा कधी आलं नाही. डॉक्टरबाईंना त्यानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "त्या दिवशी टँकरकडं माणसं मीच पाठवली होती," एवढंच त्या म्हणाल्या.

पोरगी सव्वा महिन्यानं घरी आली. यशोधरानं नाव ठेवायचा दिवस धरला. "भामामावशीनं पाळण्यात घालावं तिला," ती म्हणाली. "त्यांच्यामुळं वाचली."

निवृत्ती साखर घेऊन भामाबाईच्या झोपडीकडं गेला. त्या रविवारनंतर तो पहिल्यांदाच तिच्यासमोर उभा राहत होता. ती दारात बसून तूर निवडत होती. त्यानं पुडी पुढं केली आणि खाली बघत निरोप सांगितला.

भामाबाईनं पुडी घेतली, सोडली, चिमूटभर साखर तोंडात टाकली.

"धडधाकट हाय का पोरगी?"

"हाव. आता दूध पिऊन राहिली चांगलं."

"पिऊ दे. औक्ष लाभू दे तिला. म्या येते, पाळण्यात घालते." ती पुन्हा तूर निवडायला लागली. चार दाणे निवडले, थांबली. "त्या दिवशी तू अनवाणी पळत आलास, निवरती. पाय रक्तानं भरले व्हते तुझे, म्या बघितले."

निवृत्तीनं पाय मागं ओढून घेतले.

"माझ्या लेकरानं चार दिवस वाट बघितली रं. तवा तुझे पाय कुठं गेले व्हते?"